एक्केचाळिसावी ओळ

सर्व्हरबाईंचं हजेरीपटावरचं पद टंकलेखक. इस्पितळातला शेवटचा टाइपरायटर भंगारात जाऊन चौदा वर्षं झाली, तरी पद आपलं जागेवर. सर्व्हर सांभाळणाऱ्या माणसाचं नवं पद मंजुरीसाठी वर पाठवलं होतं, ते वर गेलं ते गेलंच, आणि तोवर टंकलेखकाने सर्व्हर सांभाळावा असा कागद निघाला. ज्या कागदात 'तोवर' हा शब्द येतो, त्या कागदावर माणसाने खुशाल म्हातारं व्हावं. बाईंच्या केसांत पांढरं आलं, चष्मा आला, गुडघे कुरकुरायला लागले, आणि खरं नाव पगारपत्रकापुरतं उरलं. डॉक्टरांपासून झाडूवाल्यांपर्यंत सगळे त्यांना सर्व्हरबाईच म्हणायचे.

सर्व्हर म्हणजे इस्पितळातल्या सगळ्या कॉम्प्युटरांचा सामाईक पेटारा. रुग्णांच्या नोंदी, तपासण्यांचे निकाल, अधीक्षक साहेबांची भाषणं, सगळं त्यात. हा पेटारा पूर्वीच्या चादरींच्या खोलीत होता. तिथे अजून फिनेलचा वास यायचा आणि फळ्यांवर 'उशा' आणि 'फाटक्या उशा' अशा पाट्या होत्या. बाईंनी सर्व्हर 'उशा'च्या फळीवर ठेवला होता, कारण 'फाटक्या उशा'वर ठेवला असता तर तपासणीत शेरा आला असता.

पेटाऱ्यात दोन डिस्क. लिहिलेलं दोन्हींवर एकदम उमटायचं, एक गेली तर दुसरी असावी म्हणून. व्यवस्था शहाण्या माणसाने केलेली होती, म्हणजे इस्पितळाबाहेरच्या. मागच्या वर्षी पहिली डिस्क गेली आणि सर्व्हर दर दहा सेकंदांनी 'टीं' असा ओरडायला लागला. डिस्क बदला, असं तो बिचारा त्याच्या भाषेत सांगत होता. चादरींच्या खोलीला लागूनच अधीक्षक साहेबांची केबिन. दुपारी जेवणानंतर साहेब तिथे डोळे मिटून विचार करत असत, आणि हा 'टीं' त्यांच्या विचारांच्या आड यायला लागला. तिसऱ्या दिवशी लेखी आदेश आला की सर्व्हरचा आवाज तातडीने बंद करावा. बाईंनी उत्तर दिलं की डिस्क बदलली की आवाज आपोआप बंद होईल. त्यावर दुसरा आदेश आला की विचारलंय तेवढंच करावं. बाईंनी आवाज बंद केला.

नव्या डिस्कची मागणी मात्र त्यांनी लावून धरली. भांडाराने आधी जुनी डिस्क निकामी झाल्याचा दाखला मागितला. दाखला दिल्यावर त्यांनी विचारलं, की एक निकामी होऊनही काम चालू आहे तर दोन लागतातच कशाला? बाईंनी तो कागद वाचला आणि कपाळाला हात लावला.

आता कुणी म्हणेल, अहो, नक्कल ठेवत नव्हता का? ठेवत होते तर. दर शुक्रवारी चार वाजता बाई सगळ्या माहितीची नक्कल काढायच्या, रजिस्टरवर सही करायच्या, आणि हेडक्लार्क खाली दुसरी सही ठोकायचे. चार वर्षांत एक शुक्रवार चुकला नाही. फक्त ती नक्कल त्याच डिस्कवर, 'नक्कल' नावाच्या फोल्डरात जायची. इस्पितळाच्या जुन्या नियमात लिहिलं होतं की ताब्यातली वस्तू आणि तिची नक्कल एकाच ठिकाणी, एकाच कुलपाखाली असावी. नियम मुळात किल्ल्यांसाठी केलेला. बाईंनी तीन पत्रं लिहिली की अशाने अस्सल आणि नक्कल दोन्ही एकदम बुडतील, निदान नकलेसाठी वेगळी डिस्क द्या. तिसऱ्या पत्रावर हेडक्लार्कनी शेरा मारला, 'रजिस्टर पूर्ण आहे. पुढील कार्यवाहीची गरज नाही.'

आणि जुन्या कागदी वह्या? त्या चार वर्षांपूर्वीच लगद्यात गेल्या होत्या. इस्पितळ कागदमुक्त झालं, म्हणून साहेबांना बक्षिसाची ढाल मिळाली. ढालीसाठी पाठवलेला अहवाल नऊशे पानांचा होता, पण ते असो. रुग्णाला आता पावतीसुद्धा नाही. मोबाइलवर एक ओळ यायची, 'आपली नोंद झाली आहे. काळजी नसावी.' तिच्यात नाव नाही, आणि रांगेतला नंबर गोपनीय.

सर्व्हरबाईंच्या थोरल्या बहिणीच्या मोबाइलवर ही ओळ तीन वर्षांपूर्वी आली होती. ताई शिवणकाम करायची. गल्लीतल्या अर्ध्या लोकांच्या अंगावर तिच्या हातचे कपडे होते आणि उरलेल्या अर्ध्यांना तिने तोंडाने फाडलं होतं, अशी तिची जीभ. तिच्या दोन्ही डोळ्यांत फूल पडलं. आधी धूसर, मग नुसता उजेड-अंधार. डॉक्टर म्हणाले, बुबुळ बदललं की दिसेल. मेलेल्या माणसाचं दान केलेलं बुबुळ मिळालं की बसवायचं, आणि ते ज्याचा नंबर आधी त्याला आधी. नेत्रपेढीच्या यादीत तीनशे सहा माणसं. दर शुक्रवारी नक्कल काढताना बाई चोरून यादी उघडायच्या आणि घरी गेल्या की दारातूनच सांगायच्या, "ताई, चव्वेचाळीस." पुढच्या महिन्यात, "ताई, बेचाळीस." ताई बोटांनी कापडाची कड चाचपत हसायची. ह्या महिन्यात एक्केचाळीस होता.

मंगळवारी सकाळी बाईंनी खोलीचं दार उघडलं तर पेटाऱ्यातून टक, टक, आणि मग खर्र असा आवाज. उरलेली एकुलती एक डिस्क घरघरत होती. अशा डिस्कला दुरुस्त करायला जायचं नसतं, तिच्यावर नवं काही लिहायचं नसतं. तिचे श्वास मोजके असतात. जे आहे ते जपून वाचायचं आणि दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्यायचं, बस. त्यांनी तडक सर्व्हर बंद केला. पाच मिनिटांत सगळं इस्पितळ चादरींच्या खोलीच्या दारात.

साहेबांनी बैठक बोलावली. "किती वेळ टिकेल?"

"सांगता येत नाही साहेब. तासभर टिकेल, नाहीतर दोन दिवस. सगळ्यात महत्त्वाचं काय ते आधी वाचून घेऊ."

'महत्त्वाचं' ह्या शब्दाने घात केला. इस्पितळात महत्त्व हे पदावरून ठरायचं, म्हणून डिस्कसुद्धा सेवाज्येष्ठतेने वाचायची असं ठरलं. एक नंबर अधीक्षक साहेबांचा फोल्डर, ज्यात ढाल मिळाल्याच्या समारंभाचे अकरा हजार फोटो होते. मग उपअधीक्षक, मग एकाच दिवशी नोकरीला लागलेले दोन विभागप्रमुख, ज्यांच्यात पहिला कोण ह्यावर पाऊण तास गेला. रुग्णांच्या नोंदी विभागप्रमुखांच्या मागोमाग. नेत्रपेढीला चार वर्षं प्रमुखच नव्हता, त्यामुळे तिची यादी सगळ्यात शेवटी, कॅन्टीन समितीच्याही खाली.

बोलून उपयोग नसतो हे बाईंना चौदा वर्षांत कळलं होतं. त्या घरी गेल्या, घरच्या कॉम्प्युटरातली डिस्क काढून पिशवीत घालून आणली. फाटकावरच्या रखवालदाराने 'खासगी वस्तू, एक, चौकोनी' अशी नोंद केली आणि आत सोडलं. मग आजारी डिस्क टेबलावर आडवी ठेवून, तिच्यावर पंखा लावून बाई वाचायला बसल्या. साक्षीदार म्हणून हेडक्लार्क शेजारी खुर्ची टाकून बसले.

"बाई, साहेबांचा फोल्डर घेताय ना?"

"घेते की. पण अकरा हजार फोटो आहेत. आजारी माणसाला एकदम जड घास देतं का कुणी? आधी काहीतरी हलकं द्यावं लागतं."

हेडक्लार्कना पोटाचा जुना विकार. त्यांना ते जागच्या जागी पटलं. बाईंनी हलकं म्हणून नेत्रपेढीची यादी घेतली, त्यावर अपघात विभाग, त्यावर प्रसूती, त्यावर रक्ततपासण्या. बुधवारी संध्याकाळपर्यंत बरंचसं निघालं. साहेबांचे फोटोही अर्धे निघाले, म्हणजे प्रत्येक फोटो अर्धा. वरच्या भागात मागचा पडदा आणि दिवे स्वच्छ दिसत, आणि साहेबांच्या भुवयांपासून खाली करडा रंग.

नेत्रपेढीची यादी मात्र बाई पुन्हापुन्हा बघत होत्या. पहिल्या सदतीस ओळी आल्या होत्या. पंचेचाळीसपासून शेवटपर्यंतच्या आल्या होत्या. मधल्या सात कोऱ्या. डिस्कवर बारीक बारीक खण असतात, आणि एका रुग्णाची ओळ साधारण एका खणात मावते. सगळ्या डिस्कवर मरायला जागा नव्हती म्हणून की काय, नेमके हे सात खण वाचता येत नव्हते. अडतीस ते चव्वेचाळीस.

गुरुवारी सकाळी त्यांनी हे बैठकीत सांगितलं. वाटलं होतं, सगळे हळहळतील. साहेब पुढे सरकून बसले.

"म्हणजे सात जागा रिक्त आहेत म्हणा की."

"रिक्त नाहीत साहेब. तिथे माणसं आहेत. फक्त वाचता येत नाहीयेत."

"तेच. वाचता येत नाहीत, म्हणजे रिक्त." साहेबांनी टेबलाभोवती बघितलं, आणि सगळ्यांच्या चेहऱ्यांवर आपापले काका, सासरे आणि शेजारी उमटले. मोतीबिंदूसुद्धा नसलेल्या माणसांची नावं निघायला लागली. रिक्त जागा कशा भरायच्या ह्यावर मतभेद नव्हता, शिफारस करणाऱ्याच्या ज्येष्ठतेने भरायच्या. इतक्या एकमताने ह्या बैठकीत आजवर चहासुद्धा आला नव्हता.

बैठक संपल्यावर साहेबांनी बाईंना थांबवून घेतलं. माणूस वाईट नव्हता, असं त्याच्याबद्दल सगळेच म्हणायचे. "तुमची बहीण होती ना यादीत? होती की नव्हती हे आता कोण सांगणार म्हणा. पण आपण माणुसकी सोडायची नाही. सातांतली एक तिला देऊ. तुम्ही फक्त दाखला द्या, ह्याउपर काही वाचणं शक्य नाही म्हणून. पाच वाजेपर्यंत."

"आणि नाही दिला तर?"

"तर तुम्ही वाचत बसा. पाचपर्यंत निघालं तर निघालं. नाही निघालं तर सातही जागा बैठकीतली समिती भरेल. मग मला आग्रह करता यायचा नाही."

बाई चादरींच्या खोलीत येऊन बसल्या. डिस्क अजून पुरती मेली नव्हती. पण एकेका खणावर शंभर-शंभर वेळा डिस्कची वाचणारी सुई फिरवायची म्हणजे तिचे उरलेसुरले श्वास संपवायचे. निघेल की नाही, देव जाणे. आणि इकडे एका सहीत ताईचा डोळा. त्यांनी ताईला फोन लावला आणि सगळं जसंच्या तसं सांगितलं.

ताई म्हणाली, "सात जण म्हणालीस ना?"

"हो."

"त्यात मी एकटीच आंधळी आहे का गं?"

"ताई, डिस्क मेली तर तुझंही नाव जाईल. पुन्हा शेवटून सुरुवात. आणखी तीन वर्षं, चार वर्षं."

"मला हिशेब कळतो. डोळे गेलेत, डोकं नाही." ताईने फोन दुसऱ्या कानाला लावला. "भीती वाटते मला, खोटं कशाला सांगू. रात्रंदिवस वाट बघितलीय मी त्या नंबराची. पण त्या साहेबाच्या मेहेरबानीचा डोळा बसवला ना, तर जन्मभर त्याच्यातून त्याचंच तोंड दिसेल मला. जा, वाच तू."

बाईंनी दाखल्याचा कोरा कागद डिस्कखाली गादीसारखा घातला आणि कामाला लागल्या. आधी कुठली ओळ घेतली असेल? एक्केचाळिसावी. का घेऊ नये? सख्खी बहीण होती ती. साहेबांनी ज्येष्ठता लावली तशी बाईंनीही आपली लावली. ऐंशी वेळा सुई फिरवली, काही नाही. डिस्कला विश्रांती दिली, उलटी करून ठेवली, पुन्हा ऐंशी वेळा. खरखर वाढत चालली. सव्वातीन वाजले. बाईंना लख्ख दिसत होतं की ह्या एका खणापायी बाकीचे सहा जाणार. त्यांनी डोळे पुसले, दात-ओठ खाऊन ती ओळ सोडली आणि अडतिसाव्यावर आल्या.

अडतिसावी चौथ्या फेरीला निघाली. बसचालक, वय बावन्न. एकोणचाळिसावी निघाली, निवृत्त शिक्षिका. चाळिसावीला वीस मिनिटं लागली. वय नऊ, विद्यार्थिनी. बेचाळिसावी, त्रेचाळिसावी, चव्वेचाळिसावी, धापा टाकत का होईना, निघाल्या. पाचला दहा कमी होते. बाई पुन्हा एक्केचाळिसावीवर आल्या. टक, टक, खर्र, आणि मग डिस्क फिरायचीच थांबली. त्यांनी तिला हलवून पाहिलं, तळहातावर धरून ऊब दिली, शिव्याही दिल्या. काही झालं नाही.

आता खरी गंमत बघा. बाईंच्या हाताशी कीबोर्ड होता आणि हेडक्लार्क पोट धरून बाहेर गेले होते. एक्केचाळिसावीवर ताईचं नाव टाइप केलं असतं तर कोंबडंही आरवलं नसतं, आणि ते खोटंही नव्हतं. बाईंची बोटं कीबोर्डावर टेकलेलीसुद्धा होती. पण आपण न वाचलेलं वाचलं म्हणून लिहिलं, तर उरलेल्या सहांवरही कुणी बोट ठेवेल, ही धास्ती होती. शिवाय त्यांनी विचार केला, सकाळी साहेब स्वतःहून जागा देत होते. एकच ओळ उरलीय, तीही कुणाची हे त्यांना माहीत आहे. नाही कसं म्हणतील? इतकी वर्षं इस्पितळात काढून बाई अजून असा विचार करू शकत होत्या.

त्यांनी यादी छापली, एक्केचाळीससमोर 'वाचता आली नाही' असं लिहिलं, आणि पाचच्या आत डोळ्यांच्या विभागाबाहेरच्या भिंतीवर चिकटवली. लोक जमले. बसचालकाच्या बायकोने नाव मोठ्याने वाचलं. एकदा भिंतीवर गेलेली यादी समितीला गिळता येईना, आणि सहा काका-सासरे जिथल्या तिथे राहिले. बाईंनी साहेबांना साधी चिठ्ठी दिली, की एक्केचाळिसावं नाव माझ्या बहिणीचं आहे, मी दर शुक्रवारी स्वतः बघत होते.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. सदर नाव कर्मचाऱ्याच्या सख्ख्या बहिणीचं असल्यामुळे कर्मचाऱ्याचा हितसंबंध उघड आहे, सबब तिची साक्ष ग्राह्य धरता येत नाही. गोपनीय यादी दर शुक्रवारी बघितल्याबद्दल खुलासा करावा. एक्केचाळिसावी जागा एका वयस्कर बाईंना गेली. त्या साहेबांच्या आत्या होत्या, पण अर्जातला 'नातं' हा रकाना त्यांनी कोरा सोडला होता, त्यामुळे हितसंबंध कुठे दिसत नव्हता.

बाई घरी आल्या त्या ताईच्या शेजारी मटकन बसल्या. "मी आधी तुझीच ओळ घेतली होती गं," त्या म्हणाल्या आणि त्यांना रडू फुटलं.

"आणि मग सोडलीस."

"सोडली."

ताईने चाचपत त्यांचा हात शोधला. "त्यात एक लहान पोरगी आहे म्हणालीस काल. किती वर्षांची?"

"नऊ."

"बरं," ताई म्हणाली, आणि हात सोडवून कापडाची कड चाचपायला लागली. ती रागावली होती की नाही, हे बाईंना कळलं नाही, आणि विचारायची छाती झाली नाही.

सोमवारी दोघी नव्या नोंदणीच्या खिडकीपाशी गेल्या. नवा सर्व्हर येईपर्यंत कागदी अर्ज सुरू झाले होते. बाईंनी उभ्या उभ्या अर्ज भरायला घेतला. नाव, वय, पत्ता. पाचव्या रकान्यापाशी पेन थांबलं. यापूर्वी नोंद केली होती का? होय असल्यास पुरावा जोडावा. पुराव्याविना 'होय' लिहिलेले अर्ज बाद होतील. मोबाइलवरची बिननावाची ओळ पुरावा होत नव्हती.

बाईंनी तो रकाना ताईला वाचून दाखवला. त्यांचा आवाज चढला होता. "होय लिहिणार मी. तीन वर्षं होतं नाव. आज इथे तमाशा झाला तरी चालेल."

"आपल्या मागे किती माणसं आहेत?" ताईने विचारलं.

"असतील आठ-दहा."

"मग 'नाही' लिही आणि दे लवकर. भांडत बसलीस तर तीनशे सातवा नंबरही जाईल."

बाईंनी 'नाही' लिहिलं. खाली छापलेलं होतं, वरील सर्व माहिती खरी आहे. बाईंनी ताईचा हात धरून त्या ओळीवर नेऊन ठेवला, आणि ताईने सही केली.